एक डोळा झाकून बघा

मी मरुदानल्लूरहून बोलतोय. कुंभकोणमला लागून असलेलं गाव, सद्गुरू स्वामींच्या मठामुळे भजन संप्रदायात ओळखलं जाणारं. मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण साठी ओलांडलेल्या माणसांत बसतो-उठतो, आणि डोळ्यांबद्दल एकच वाक्य रोज ऐकतो: "मला नीट दिसतं की!"

दिसतं, पण कुठल्या डोळ्याने? एक डोळा अधू झाला तर दुसरा त्याचं काम गुपचूप उचलतो. मेंदूही मधली रिकामी जागा भरून काढतो. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली परीक्षा खरी नव्हे. नेम धरताना एक डोळा मिटतो ना, तसं करा. आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा लावून, आधी उजवा डोळा झाका, मग डावा.

बघायचं काय? सरळ रेघा. खिडकीचे गज, दाराची चौकट, फरशीचे सांधे. आमच्याकडे तर दारासमोर रोज ठिपक्यांचं कोलम असतं. रेघ मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसली किंवा समोरच्या माणसाचा चेहराच धूसर झाला, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात, बिघाड असू शकतो. डॉक्टरांकडे यासाठी ॲम्सलर ग्रिड नावाचा चौकटींचा कागद असतो; नकाशाच्या ग्रिडसारखाच. या आजाराच्या एका प्रकारात नाजूक रक्तवाहिन्या गळतात. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात, पण ती वेळेत मिळायला हवीत. रेघ अचानक वाकली तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

मोतीबिंदू त्या मानाने सरळ शत्रू. धुकं, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरणं, रंग फिके पडणं. कधी कधी आजोबा आनंदाने सांगतात, "चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो आता!" अभिनंदन करण्याआधी डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू पिकताना असं काही काळ होतं.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्याशी आपलं जुनं नातं आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्या काळातली रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं आणि उपचारांची टिपणं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली अकरा खाटांवर सुरू झालं. संस्थापक डॉ. वेंकटस्वामी आधी सैन्याच्या वैद्यकीय विभागात होते. फौजी माणूस, म्हणून मला जरा जास्त अभिमान!

काचबिंदू मात्र दगाबाज. तो समोरून येत नाही, बगलेवर येतो. कडेची नजर हळूहळू जाते, दुखत नाही, आणि समोरचं अक्षर शेवटपर्यंत स्पष्ट असतं. चौकटीला खांदा आपटणं, पायरी चुकणं, शेजारून आलेली सायकल न दिसणं, याला "वय झालं" म्हणून सोडू नका. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी, लेझरने, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने राखता येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर चाळिशीपासूनच तपासणी करा. घरी ओळखता येईल याची वाट बघू नका. डोळ्याचा दाब आणि मागची नस डॉक्टरांनीच बघायची. मधुमेह असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल बघून घ्या, काहीही त्रास नसला तरी. त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

काही गोष्टींत त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, निघायचं. डोळा लाल होऊन प्रचंड दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलटी होते: अनेकदा याला पित्त समजून घरीच झोपवतात. किंवा अचानक काळे ठिपके, विजेसारख्या चमका, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं. किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी गेली. दुकानातून आणलेले थेंब तेव्हा घालत बसू नका, कुणाला तरी सोबत घ्या आणि नेत्र रुग्णालय गाठा.

आता मोबाइल खाली ठेवा. समोरची खिडकी बघा. उजवा डोळा झाका.