मोट, रहाट, पाट आणि पाऊस

तेरेसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोलकात्याच्या मदर तेरेसा येतात. त्यांनी ते नाव घेतलं फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेसावरून, आणि ही लिझ्यूची तेरेसा ज्या कार्मेल मठपरंपरेत राहिली तिला नवं रूप दिलं सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या एका बाईने. ती आविलाची तेरेसा. जुन्या गोव्यात ज्यांचं शव जतन केलं आहे त्या फ्रान्सिस झेवियरांना १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये संतपद जाहीर झालं, त्याच समारंभात हिलाही झालं. ज्ञानोबा-तुकोबांना आपण एकेरीत बोलावतो, तसंच मी हिला बोलावणार आहे.

तेरेसाचा जन्म २८ मार्च १५१५ चा. आजोबा टोलेडोचे कापडव्यापारी, ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले. चोरून जुना धर्म पाळतात या आरोपावरून १४८५ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्यांना शिक्षा दिली. अंगावर शिक्षेचा झगा घालून चर्चमागून चर्च फिरवलं. मग घराणं आविलाला आलं, पैसा केला, दावा लढवून खानदानी दर्जाही मिळवला. तेरेसाने याबद्दल एक अवाक्षर लिहिलं नाही. कागद उजेडात आले ते विसाव्या शतकात. पण कुळाच्या तोऱ्याबद्दल ती जे इतक्या तिटकाऱ्याने लिहिते, त्याचं मूळ इथेच असावं असं मला वाटतं.

विसाव्या वर्षी, १५३५ मध्ये, ती मठात गेली. लवकरच आजारी पडली. वडिलांनी एका वैदूबाईकडे नेलं आणि त्या उपचारांनी ती मरणाच्या दारात पोचली. ऑगस्ट १५३९ मध्ये चार दिवस ती बेशुद्ध होती. मठात कबर खणून तयार होती. ती शुद्धीवर आली, पण पुढे जवळजवळ तीन वर्षं लुळी पडून राहिली.

साक्षात्कारी स्त्री म्हटली की आपण दिव्य दर्शनांची वाट पाहतो. तेरेसाला तीही झाली. त्यांतल्या एका प्रसंगावर बेर्निनीने घडवलेलं संगमरवरी शिल्प रोममध्ये आहे आणि पुष्कळांना ती तेवढीच माहीत असते. मला मात्र त्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात. प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतो याकडेच आपलं लक्ष असायचं, असं ती सरळ लिहिते. असं एकदोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं चाललं होतं!

या कोरडेपणावर तिने आत्मचरित्रात जो दृष्टान्त दिला आहे तो आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. मन म्हणजे बाग. बागेला पाणी देण्याचे चार प्रकार. पहिला, विहिरीतून हाताने शेंदून. कष्ट फार, पाणी थोडं, आणि कधी विहीरच आटलेली. दुसरा रहाटाचा, श्रम कमी, पाणी जास्त. तिसरा नदीओढ्याचा पाट. माळ्याने फक्त वळवायचं. चौथा पाऊस, तिथे माळ्याला काही करावंच लागत नाही. प्रार्थनेच्याही अशाच चार पायऱ्या. आणि विहीर कोरडी असली तरी माळ्याने पोहरा सोडत राहायचं, कारण बाग त्याची नाही, धन्याची आहे.

हे लिहिणं सोपं नव्हतं. १५५९ मध्ये इन्क्विझिशनच्या प्रमुखाने लोकभाषेतल्या अनेक भक्तिपर पुस्तकांवर बंदी घातली होती. लॅटिन न येणाऱ्या तेरेसाच्या हातातली पुस्तकंच गेली. त्यात बाईने ध्यानाबद्दल लिहिणं म्हणजे संशयाला आमंत्रण. तिने लिहिलं ते पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून, आणि वाक्यावाक्याला 'मी अडाणी बाई' म्हणत. हा नम्रपणा खरा किती आणि ढाल किती, यावर अभ्यासक वाद घालतात. मला दोन्ही दिसतं. एका उमराव बाईने तक्रार केल्यावर ते आत्मचरित्र इन्क्विझिशनच्या ताब्यात गेलं. तिच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. बायबलमधल्या 'गीतरत्न' या प्रेमकाव्यावरचं तिचं चिंतन तर तिला स्वतः जाळावं लागलं. नकला मागे राहिल्या म्हणून ते वाचलं.

तिचा मूळचा मठ दीडशेहून जास्त बायकांचा. श्रीमंत घरच्या बायकांना तिथे स्वतंत्र खोल्या आणि नोकर. हे तिला पटेना. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने आविलातच मोजक्या जणींचा, गरिबीत राहणारा नवा मठ काढला. भिक्षेवर जगणारं आणखी एक बिऱ्हाड नको म्हणून नगरपालिका तिच्यावर खटला घेऊन गेली. पण ती हटली नाही. पुढच्या वीस वर्षांत, खेचरांच्या गाड्यांतून, आजारी शरीर घेऊन तिने एकूण सतरा मठ उभे केले. १५६७ मध्ये, बावन्न वर्षांची असताना, तिला पंचवीस वर्षांचा जॉन ऑफ द क्रॉस भेटला. तो तिचा सहकारी झाला. सुधारणा न आवडणाऱ्या त्याच पंथाच्या लोकांनी डिसेंबर १५७७ मध्ये त्याला पकडून टोलेडोत कोंडलं. नऊ महिन्यांनी तो निसटला. स्पॅनिश भाषेतली थोर कविता त्या कोठडीत सुरू झाली.

तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री वारली. दुसऱ्या दिवशी तारीख होती १५ ऑक्टोबर. नवी दिनदर्शिका त्याच रात्री लागू झाली. पुस्तकं १५८८ मध्ये छापणारे लुइस दे लेओन स्वतः इन्क्विझिशनच्या तुरुंगात काही वर्षं काढून आलेले होते. १९२१ मध्ये एदिथ श्टाइन या ज्यू तत्त्वज्ञ बाईने ते आत्मचरित्र वाचलं, पुढे ती कार्मेल मठात गेली आणि १९४२ मध्ये आउश्विट्झला मारली गेली. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी तेरेसाला चर्चची आचार्या ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. आजवर चौघीच झाल्या.

तिची चारशेहून अधिक पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत कर्ज, औषधं, घरांचे सौदे, सगळं आहे. १५७७ च्या जुलैत, 'अंतरीचा किल्ला' हा तिचा सर्वांत थोर ग्रंथ हाती असताना, सेव्हिलच्या मठातून तिला एक नारळ भेट आला. तिला त्याचं कोण अप्रूप! ही मोठीच वस्तू आहे, अशा अर्थाचं तिने कळवलं, आणि तो टोलेडोतल्या दोन्या लुइसा या आपल्या उमराव मैत्रिणीकडे पाठवते म्हणाली.