हीटर नसलेल्या गाडीत पाण्याची वाट
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, नाट्यसंगीत, होळकरशाहीचा इतिहास असे विषय होतात. यंदा तुम्ही सरकारी वर्कशॉपमधल्या एका डिप्लोमावाल्याला उभं केलंय, तेव्हा विषय लोखंडाचा आणि रबराचाच असणार. पण तो तुम्हाला परका नाही. आपल्यापैकी काही घरांच्या अंगणात आजही वडिलांची किंवा आजोबांची अ‍ॅम्बॅसॅडर उभी आहे. ती विकायची नाही, हे घरात ठरलेलं असतं. ती टिकवायची कशी, हे मात्र ठरलेलं नसतं. आज मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे होज पाइप.

अ‍ॅम्बॅसॅडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री या गाडीवरून आली. 1958 पासून 2014 पर्यंत ती आपल्याकडे बनली. तिकडे थंडी कडक, म्हणून इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवून माणसांना ऊब द्यायची सोय असे. तोच हीटर. इंदुरात त्याचं काय काम? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो नव्हताच. पण 1489 सी.सी.चं पेट्रोल इंजिन त्याच घराण्याचं, त्यामुळे हेडच्या मागच्या बाजूला हीटरच्या पाण्याचं तोंड राहिलं. हीटर नसेल तर त्यावर गॅस्केट लावून छोटी पट्टी बसवलेली असते. घोटाळे होतात ते या रिकाम्या तोंडांपाशी.

आधी पाणी कसं फिरतं ते पाहू. रेडिएटरच्या तळातून खालच्या होजने पाणी पंपात येतं. आपले मिस्त्री त्याला वॉटर बॉडी म्हणतात. पंप ते ब्लॉकमध्ये ढकलतो, तिथून ते हेडमध्ये चढतं आणि थर्मोस्टॅटपाशी येतं. इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी बायपासच्या आखूड वाटेने पंपाकडे परततं. साधारण 82 अंशांना तो उघडू लागतो आणि पाणी वरच्या होजने रेडिएटरकडे जातं. हीटर असेल तर तिसरी वाट तयार होते. हेडमधून गरम पाणी हीटरमध्ये जातं आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे खालच्या होजमध्ये, परत येतं.

हीटर नसताना या तिसऱ्या वाटेचं काय करायचं? दोन उपाय आहेत. पहिला, दोन्ही तोंडं पक्की बंद करायची. दुसरा, दोन्ही तोंडं एका होजने जोडून वळसा द्यायचा. यातलं काय करायचं, हे इंजिनाला स्वतःचा बायपास आहे की नाही यावर ठरतं. बायपास असेल तर तोंडं बंद करणंच बरं. वळसा दिला, तर काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच सतत परत येत राहतं आणि मे महिन्यात ते महागात पडतं. पण काही जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असतानाची वाट हीटरमधूनच जाते. तिथे तोंडं बुजवली की पाणी जागच्या जागी थांबतं, हेडमध्ये ठिकठिकाणी वाफ होते आणि काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तोंड बुजवण्याआधी विचारा, इथून काय जात होतं?

माझ्या ओळखीच्या एका घरची गोष्ट सांगतो. त्यांच्या अ‍ॅम्बॅसॅडरचा खालचा होज फुटला. गॅरेजवाल्याला साधा होज मिळाला नाही, हीटरसाठीचं तिसरं तोंड असलेला मिळाला. त्याने तोच बसवला आणि तिसऱ्या तोंडात एक बोल्ट घालून वर क्लिप आवळली. दोन महिने काही झालं नाही. मग मानपूरच्या घाटात तो बोल्ट निसटला आणि सगळं पाणी रस्त्यावर गेलं. चालवणाऱ्याने काट्याकडे पाहिलं, काटा खाली होता. गाडी थंड आहे असं समजून त्यांनी ती पुढे नेली. पण तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणीच गेलं, तर तो कोरडा पडतो आणि काटा चढायच्या ऐवजी उतरतो. घाट संपण्याआधी हेड वाकलं. गाडी वडिलांनी पहिल्या पगारवाढीवर घेतलेली. ती पुन्हा सुरू झाली, पण त्यासाठी तीन महिने सुट्या भागांच्या शोधात गेले. चालता चालता काटा एकदम खाली आला, तर आनंद मानू नका. गाडी बाजूला घ्या आणि बंद करा.

आता घरी पाहता येतील अशा गोष्टी. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि होज दाबून पाहा. टणक, तडकलेला, किंवा तेल लागून फुगलेला असेल तर बदला. खालच्या होजवर पंपाची ओढ असते. तो मऊ पडला की वेगात चपटा होतो आणि पाणी अडतं. होज पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून दूर हवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून तो ताणलेला नको, थोडी ढील हवी. वळण गोल हवं, मुरड नको. वळसा दिलाच असेल तर त्याची कमान रेडिएटरच्या वरच्या टाकीहून उंच नको, तिथे हवा अडकते. बंद तोंडावर रबरी टोपी किंवा बोल्ट नको, धातूची पट्टी आणि नवं गॅस्केट हवं. आणि तिसऱ्या तोंडाचा होज न घेता साधाच शोधा, चार दिवस थांबावं लागलं तरी.

आणखी एक सल्ला तुम्हाला हमखास मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे?" तो ऐकू नका. काही थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंदही करतात. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरला न भेटता फिरत राहतं आणि थंड करायला निघालेली गाडी तापते.

रेडिएटरच्या झाकणाचंही तसंच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी 98 अंशांनाच उकळतं. सात पौंडाच्या झाकणाने ती मर्यादा 110 च्या आसपास जाते. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडू नका. दाब सुटताच पाणी उसळतं आणि हात-तोंड भाजतं. आणि जुन्या डाग दिलेल्या रेडिएटरवर नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण लावू नका. आत बोअरचं क्षाराचं पाणीही नको, डिस्टिल्ड पाणी आणि तांब्या-पितळेला चालणारं कूलंट घाला.

या सगळ्याला फार खर्च नाही. होज, क्लिपा, गॅस्केट आणि रविवारची एक सकाळ लागते. गाड्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून थांबत नाहीत, बहुतेक वेळा त्या पाण्यावाचून थांबतात. येत्या रविवारी आपापलं बॉनेट उघडून ती तोंडं एकदा पाहा, आणि मुलांनाही जवळ उभं करा. गाडी पुढच्या पिढीला द्यायची असेल, तर तिची माहितीही सोबत द्यावी लागेल.



गणपती बाप्पा मोरया!