आफ्रिकेतील एक सत्र

(नेरे येथे विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘परदेशी शिक्षण’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात अमेरिका, इंग्लंड, फार तर जर्मनी असावी. आम्ही आफ्रिकेविषयी बोलणार आहोत असे कळविल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पण तिकडची मुले इकडे शिकायला येतात ना?” हा प्रश्न एकट्या चिटणीसांचा नव्हे. आमची पुतणी मुंबईस भूगोलाच्या एम. ए.च्या वर्गात असताना टांझानियातील दार-एस-सलाम विद्यापीठात एक सत्र काढून येते असे म्हणू लागली, तेव्हा घरात पहिला तोच प्रश्न निघाला, आणि तो विचारणारे आम्हीच होतो.

तो किनारा आपणांस वाटतो तितका परका नाही. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे वारे पूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते आफ्रिकेकडे नेत, आणि पावसाळी वारे ती परत आणीत. या वाऱ्यांना तिकडे ‘कास्काझी’ आणि ‘कुसी’ अशी नावे आहेत. आपल्याच रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत नांदत होते. ज्याच्या जमाबंदीचा उल्लेख केल्याशिवाय दख्खनच्या शेतसाऱ्याचा इतिहास पुढे जात नाही, तो मलिक अंबर जन्माने हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. भाषेचेही तसेच. तिकडच्या स्वाहिलीत पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, हिशेबाला ‘हेसाबू’ म्हणतात. यांतले काही शब्द आपण दिले असतील, काही अरबी-फारसीच्या वाटेने दोघांच्याही घरी आले असतील. नात्यांच्या शब्दांत मात्र फसगत होते. तेथे ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे चक्क बहीण! पुतणीला बाजारात सर्वजण ‘दादा’ म्हणून हाका मारू लागले, हे तिने कळविले तेव्हा तिची आजी दोन दिवस हसत होती.

चिटणीसांच्या प्रश्नालाही इतिहास आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे १९४८ साली भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीस गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले. तिकडच्या स्वातंत्र्याकांक्षी आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, आणि तो ब्रिटिश अधिकाऱ्यांना मुळीच रुचत नसे. त्या वर्षांत भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकी तरुण आपल्या विद्यापीठांत येऊ लागले. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांनी गांधीजींच्या स्मारकासाठी निधी उभारला. तो नैरोबीच्या ज्या तंत्रमहाविद्यालयास मिळाला, तेथे १९५६ साली वर्ग भरू लागले आणि पुढे त्याचेच नैरोबी विद्यापीठ झाले. म्हणजे, मुले इकडे येत होती त्याच काळात आपल्या माणसांचा पैसा तिकडच्या विद्यालयाच्या भिंतींत जात होता. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र १९७१ पासून आहे, आणि २०२३ साली मद्रासच्या आय. आय. टी.ने आपली शाखा झांझिबार बेटावर उघडली. हे सारे आम्हांला पुतणीनेच सांगितले. तोवर आम्हांला आफ्रिका म्हणजे सिंह आणि क्रिकेटचा संघ, एवढीच ठाऊक होती.

दार-एस-सलामचे विद्यापीठ शहराबाहेरच्या टेकडीवर आहे, म्हणून लोक त्याला ‘म्लिमानी’, म्हणजे टेकडीवरचे, असे म्हणतात. १९६१ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते लंडन विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय म्हणून सुरू झाले, आणि पहिली शाखा निघाली ती कायद्याची. १९७० मध्ये ते स्वतंत्र विद्यापीठ झाले. शिकविण्याची भाषा इंग्रजी असल्याने वर्गात अडचण पडली नाही. अडचण पडली ती घड्याळाची. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. खेड्यात जाणारी मोटार ‘बारा वाजता’ निघेल असे चालकाने सांगितले आणि ही जेवणाच्या वेळी डबा घेऊन हजर झाली. मोटार सकाळी सहालाच गेली होती. आपल्या आजोबांना प्रहर आणि घटका सांगून बोलाविले असते तर ते चुकले नसते.

तेथे ती काय शिकली, हे नेऱ्याच्या माणसांनी लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे, कारण तिने विषय घेतला होता जमिनीचा. टांझानियात सर्व जमीन सार्वजनिक असून राष्ट्राध्यक्ष तिचा विश्वस्त मानला जातो. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर आणि विशेषतः सत्तरीच्या दशकात लाखो लोकांना जुनी वस्ती सोडून नव्या गावांत आणण्यात आले, आणि कोणती जमीन कोणाची याचा मोठा गुंता झाला. तो उकलण्यासाठी १९९१ साली एक आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष ईसा शिवजी, त्याच विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक आणि वंशाने हिंदी. जमिनीचा मूळ मालकी हक्क राष्ट्राध्यक्षांकडे न ठेवता गावच्या जमिनीपुरता तो ग्रामसभेकडे द्यावा, असे आयोगाने सुचविले. सरकारने ते मानले नाही. तथापि १९९९ मध्ये ग्रामजमिनीचा वेगळा कायदा झाला. त्यानुसार गावात जमिनीच्या तंट्यांसाठी सात जणांची समिती असते आणि त्या सातांत तीन स्त्रिया असाव्याच लागतात.

बागामोयोच्या बाजूच्या एका गावात पुतणीने अशी एक बैठक पाहिली. तेथून जवळच समुद्रकाठी मिठागरे आहेत आणि खारफुटीची झाडी आहे. ती पाहून आपल्याला उरणची आठवण झाली असे तिने लिहिले, आणि आगऱ्याच्या पोरीला मिठागर दिसल्यावर दुसरे काय आठवणार? बैठकीत तीन बायका होत्या. त्यांतल्या दोघी शेवटपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत, हेही तिने लपविले नाही. तिसरी मात्र बोलली आणि बांध कोठून होता ते पायाने दाखवून आली. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते: “आपल्या घरी आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, तेव्हा ते कागद त्यांना कोणी वाचून दाखविले होते का?”

बंधूंनो, वाचून दाखविले नव्हते. महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान वाटा देणारा कायदा १९९४ साली झाला, आणि आमच्या बहिणींच्या सह्या त्यानंतरच्या आहेत. चहा झाला, साड्या दिल्या, सह्या झाल्या. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा मुलूख ‘नैना’ म्हणून अधिसूचित झाल्यापासून येथल्या गुंठ्यागुंठ्याचा भाव आपण जाणतो, आणि त्या साड्यांची किंमतही जाणतो. त्या पत्राचे उत्तर आम्हांला अद्याप लिहिता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आमचे भाषण खरे होणार नाही. पुतणी पोहोचली तेव्हा वसतिगृहात जागा रिकामी नव्हती. विद्यापीठातच नोकरी करणाऱ्या एका बाईंनी तिला आपल्या घरी नेले. दोन खोल्यांचे घर, तीन मुले, आणि त्यांत ही शाकाहारी पाहुणी. (आगरी असून शाकाहारी कशी, असे तेथे कोणी विचारले नाही, येथे मात्र सारे विचारतात.) बाईंनी बारा दिवस तिच्यासाठी नारळाच्या रसात घेवडा शिजविला, मक्याच्या पिठाचे उगाली केले आणि भाड्याचा एक शिलिंगही घेतला नाही. एके रात्री त्यांनी सहज विचारले, “आमची मुले तुमच्या गावाकडे शिकायला येतात, ती कोठे राहतात?”

तिला उत्तर ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते. नेऱ्यास रस्त्यालगत आमच्या दोन भाड्याच्या खोल्या आहेत. त्याच्या चार वर्षे आधी पनवेलकडच्या एका महाविद्यालयात शिकणारे दोन आफ्रिकी तरुण खोली विचारावयास आले होते. उन्हाचे दिवस होते. पायांतली पादत्राणे ओट्याखाली काढून ते उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. आम्ही म्हणालो, खोली दिली गेली. खोली दिली गेली नव्हती. ती पुढे तीन महिने रिकामीच होती, आणि कुलूप त्यांना उभ्या जागेवरून दिसत होते. त्यांनी आभार मानले आणि ते निघाले. पाण्याचेसुद्धा विचारले नाही आम्ही. आपल्या गावाजवळच शांतिवनात, समाजाने घराबाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांना जागा देणारी माणसे राबली, त्या कार्याचा आपण भाषणांतून गौरव करतो. आम्हीही तसली भाषणे केली आहेत.

आता व्यवहाराचे. ज्या मुलांना असे सत्र काढावयाचे आहे, त्यांनी तेथील गुण येथे धरले जातील असे आपल्या महाविद्यालयाकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. पुतणीला तोंडी आश्वासन मिळाले होते. परत आल्यावर तिचे गुण सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून दाखला जवळ बाळगावा.  हिवतापाविषयी डॉक्टरांना विचारावे. विमानप्रवास सहा तासांच्या आसपासचा, घड्याळ अडीच तास मागे. मुलगी एकटी कशी जाईल, हा प्रश्न स्वाभाविक आहे; आम्हीही तो महिनाभर धरून बसलो होतो. तिच्या आईने निकाल दिला की पनवेलहून रात्री शेवटच्या गाडीने एकटी येते ती तेथेही येईल. खर्चाचे म्हणाल तर प्रवास, शुल्क आणि चार महिन्यांचे राहणे धरून जो आकडा झाला, तो आमच्या घरच्या शेवटच्या हळदीच्या खर्चाहून कमी होता. त्या हळदीची वही आमच्याजवळ आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना दिल्या आहेत. परदेशी सत्रासाठी बिनव्याजी कर्ज देताना देशाच्या नावावरून अर्ज बाजूला ठेवू नये, ही एक. दुसरी अशी की, आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत आणि ज्या ते परदेशी विद्यार्थ्यांना देण्यास तयार आहेत, त्यांची यादी मंडळाच्या कचेरीत ठेवावी. पहिलीला फारसा विरोध दिसत नाही. दुसरीवर मागल्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि ती पुढे ढकलली गेली. शेजारी काय म्हणतील, पोलिसांत नोंद कोणी करावयाची, भाडे थकले तर काय, असे आक्षेप निघाले. परदेशी भाडेकरूची नोंद चोवीस तासांच्या आत करावी लागते, ती घरमालकानेच करावयाची आणि ती आता संगणकावरून होते, एवढे आम्ही चौकशी करून आलो आहोत. शेजाऱ्यांचे काय ते त्यांना विचारूनच कळेल. आमच्या उजवीकडचे शेजारी आज या मंडपातच बसले आहेत. समारंभानंतर आम्ही त्यांच्याकडे चहास जाणार आहोत. यादीत आमच्या दोन्ही खोल्यांची नोंद आम्ही केली आहे.