डोंगरातला देश आणि त्याचा शेजारी

(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहात बसलेल्या बहुतेकांनी भूगोलाच्या तासाला युरोपचा नकाशा कधी ना कधी रंगवला असेल. समुद्रकिनारा नसलेला, आल्प्सच्या कुशीतला एक चिमुकला देश त्यात रंगवताना फारसा रंग खर्ची पडत नसे. पुढे चित्रपटांतील गाण्यांनी त्या देशाला बर्फ, कुरणे आणि आगगाड्या बहाल केल्या, आणि स्वित्झर्लंड म्हणजे जणू कुणी रचलेल्या कथेतले राज्य, असा समज दृढ झाला. त्या राज्यात युद्ध होत नाही, कारण ते तटस्थ आहे. ते तटस्थ राहू शकते, कारण पर्वत त्याचे रक्षण करतात. नवल असे की दुसऱ्या महायुद्धानंतरची सुमारे पन्नास वर्षे खुद्द स्विस नागरिकही आपल्या देशाची हीच कथा सांगत राहिले. कथेत तथ्य होते. पण तिची काही पाने गाळलेली होती.

स्वित्झर्लंडची शाश्वत तटस्थता युरोपातील महासत्तांनी १८१५ मध्ये मान्य केली. त्या मान्यतेत औदार्यापेक्षा हिशेब अधिक होता: फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांच्यामधले खिंडींचे मार्ग कोणा एकाच्या हाती जाऊ नयेत, ही प्रत्येकाची सोय होती. अशी सोय जोवर असते तोवर तटस्थ देशाला फार काही करावे लागत नाही. खरी कसोटी लागते ती सगळे शेजारी एकाच सत्तेच्या छायेत गेल्यावर. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला आणि सुमारे ४२ लाख लोकवस्तीचा हा देश हिटलर व मुसोलिनी यांच्या प्रभावक्षेत्राने जवळजवळ वेढला गेला. जर्मन सेनापतींनी त्याच्यावरील आक्रमणाचे आराखडेही तयार केले.

त्याआधीच्या काही आठवड्यांत आकाशात एक विलक्षण प्रकार घडला होता. जर्मनीकडूनच विकत घेतलेल्या मेसरश्मिट विमानांतून स्विस वैमानिकांनी हद्दीत शिरलेली ११ जर्मन विमाने पाडली. बर्लिनचा संताप अनावर झाला. परिणामी सरसेनापती आंरी गीसां यांनी हवाई चकमकी टाळण्याचा आदेश काढला, सरकारने दिलगिरी व्यक्त केली आणि ताब्यातील जर्मन वैमानिकांना सोडून दिले. शाळकरी इतिहासात विमाने पाडल्याची गोष्ट राहिली, दिलगिरीची मागे पडली.

२५ जुलै १९४० रोजी गीसां यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ल्युसर्न सरोवराकाठच्या र्‍यूटली या कुरणावर बोलावले. दंतकथेनुसार स्विस संघराज्याची शपथ जिथे घेतली गेली, तेच हे ठिकाण. तिथे त्यांनी प्रतिकाराचा निर्धार सांगितला आणि सैन्य आल्प्सच्या गाभ्यातील तटबंदीत मागे घेण्याची योजना मांडली. खचलेल्या देशाला त्या दिवसाने धीर दिला, हे निर्विवाद आहे. पण या योजनेचा अर्थ नकाशावर बोट ठेवून पाहावा. झुरिक, बाझेल, बर्न ही शहरे, बहुतेक कारखाने आणि बहुतेक लोकसंख्या मैदानी पट्ट्यात होती. पर्वत राखणाऱ्या सैनिकाची बायकामुले मात्र शत्रूच्या वाटेवर उघडी राहणार होती. शत्रूला हा देश गिळता येईल, पण पर्वतांतील बोगदे त्याच्या हाती धड पडणार नाहीत, एवढेच ही योजना सांगत होती.

आणि शेजाऱ्याला बोगदेच हवे होते. १८८२ मध्ये खुला झालेला, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड रेल्वे बोगदा हा जर्मनी आणि इटली यांना जोडणारा हमरस्ता. जर्मन कोळसा त्यातून इटलीला जात राहिला. स्वित्झर्लंडलाही चुली आणि कारखाने पेटते ठेवायला जर्मन कोळसाच हवा होता. त्याच्या मोबदल्यात यंत्रे, शस्त्रे आणि उधारी गेली. युद्धाच्या अखेरीपर्यंत ही उधारी एक अब्ज फ्रँकच्या पुढे पोहोचली. जर्मन मध्यवर्ती बँकेचे सोने स्विस राष्ट्रीय बँकेने फ्रँक देऊन विकत घेतले. त्यात बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या बँकांतून लुटलेले सोनेही होते. १९४६ च्या वॉशिंग्टन करारान्वये त्यापोटी २५ कोटी फ्रँक दोस्तराष्ट्रांना द्यावे लागले. नोव्हेंबर १९४० पासून रात्री दिवे मालवण्यात आले, तेही जर्मन दबावाखाली, कारण उजळलेली स्विस शहरे ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवीत असत.

या तडजोडींना सरसकट लाचारी म्हणणे सोपे आहे. धान्याचा मोठा भाग बाहेरून आणणाऱ्या देशापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे सांगणे तितके सोपे नाही. फ्रीडरिक ट्राउगोट वालेन या कृषितज्ज्ञाच्या योजनेनुसार शहरांतील उद्याने आणि क्रीडांगणे नांगरून तिथे बटाटे व धान्य पिकवले गेले. तरीही आयात थांबवणे शक्य झाले नाही.

परंतु एक पान असे आहे, की ज्याला भुकेचे किंवा कोळशाचे कारण पुरत नाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यावर ज्यू निर्वासितांचे लोंढे स्विस सीमेवर आले. स्विस अधिकाऱ्यांना या लोकांची ओळख सीमेवरच पटवून हवी होती. त्यांच्या जर्मनीशी झालेल्या वाटाघाटींतून जर्मन ज्यूंच्या पारपत्रांवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का बसू लागला. ऑगस्ट १९४२ मध्ये, पलीकडे काय चालले आहे याच्या वार्ता पोहोचत असताना, सीमा जवळजवळ बंद करण्यात आली. मंत्री एदुआर्ड फॉन श्टायगर यांनी देशाला गच्च भरलेल्या जीवनरक्षक नौकेची उपमा दिली. युद्धकाळात सुमारे ५१ हजार नागरी निर्वासितांना आश्रय मिळाला, त्यांपैकी सुमारे २१ हजार ज्यू होते. हा आकडा लहान नव्हे. पण संसदेने नेमलेल्या बर्जिए आयोगाने २००२ मध्ये नोंदवले, की वीस हजारांहून अधिक लोकांना परत फिरवले गेले. त्या संख्येविषयी इतिहासकारांत वाद आहे. परत फिरवले गेले याविषयी नाही.

सेंट गॅलन या सीमावर्ती कॅंटनचे पोलीसप्रमुख पाउल ग्र्यूनिंगर मुळात शिक्षक होते. १९३८ च्या ऑगस्टमध्ये प्रवेशबंदी झाली, तेव्हा त्यांनी पुढे आलेल्या माणसांच्या कागदांवर बंदीपूर्वीच्या तारखा घातल्या आणि शेकडोंना आत घेतले. शेजाऱ्याशी संबंध बिघडू नयेत ही सरकारची चिंता त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणे त्यांच्याने झाले नाही, इतकेच. १९३९ मध्ये ते बडतर्फ झाले, निवृत्तिवेतन गमावून बसले. पुढच्या वर्षी न्यायालयाने कर्तव्यभंग आणि कागदपत्रांतील बनावटीबद्दल ३०० फ्रँक दंड केला. त्यानंतर कायमची नोकरी अशी त्यांना लाभली नाही. मिळेल ते काम करीत आणि मधूनमधून बदली शिक्षक म्हणून वर्गात उभे राहत त्यांनी दिवस काढले. १९७२ मध्ये ते दारिद्र्यातच निवर्तले.

र्‍यूटलीचा दिवस देशाने वर्षानुवर्षे साजरा केला. ‘जे’ शिक्क्यातील सहभागाबद्दल राष्ट्राध्यक्ष कास्पार फिलिगर यांनी १९९५ मध्ये, युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वर्षी, संसदेत क्षमा मागितली. त्याच वर्षाच्या अखेरीस सेंट गॅलनच्या जिल्हा न्यायालयाने ग्र्यूनिंगर यांचा खटला पुन्हा चालवला आणि त्यांना निर्दोष ठरवले. तारखा बदलणाऱ्या त्या शिक्षकाला जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.