स्टेअरिंगचा प्ले आणि मुका हॉर्न
(हंगामापूर्वीच्या तालुका बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आम्ही आता जुन्या ट्रकवर बोलणार आहोत. काहींना हसू येईल. शेतकीची पदवी घेतलेल्यांनी बोंडअळी सांगावी, स्टेअरिंग कशाला? पण अळीतून वाचवलेला कापूस रस्त्याच्या कडेला उलटला तर घरात काहीच येत नाही. त्या कापसावर वेचणाऱ्या बाया बसलेल्या असल्या तर जे जाते त्याला भावच नाही.

एके काळी यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जायचा. ती गाडी थांबली. आता सगळा माल रस्त्याने जातो. कुठे बैलगाडी, कुठे ट्रॅक्टर, कुठे छोटी पिकअप आणि बाकी जुना ट्रक. शहरातल्या वाहतूकदाराने पिळून काढलेली गाडी आपल्या गावात येते आणि इथे तिचा दुसरा जन्म सुरू होतो. नवी घेण्याइतकी शिल्लक कोरडवाहू कापूस-ज्वारीने कोणाच्या हाती ठेवली आहे? म्हणून जुनी गाडी ही आपली चैन नव्हे, आपली अडचण आहे. अडचण आहे म्हणून तर ती नीट ठेवली पाहिजे.

नांगराचे रुमणे ढिले झाले की तास वाकडे जाते. आपण थांबतो, पाचर ठोकतो, पुढे निघतो. ट्रकचे स्टेअरिंग ढिले झाले तर मात्र ड्रायव्हर म्हणतो, "सवय आहे, चालते." या सवयीची भीती वाटते. चाक फिरवले तरी आधी काहीच होत नाही, म्हणून माणूस आणखी फिरवतो. मग गाडी एकदम वळते, तो उलट फिरवतो. कापूस वजनाने हलका, पण भरताना घराएवढा उंच चढतो. गाडी अशी नागमोडी चालली की तो डोलारा डोलू लागतो. करंजी-पांढरकवड्याकडच्या महामार्गावर समोरून मोठे कंटेनर येतात, तिथे हात-दीड हाताची चूकही खपत नाही.

किती प्ले चालतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ९८ आहे. स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नको, असे तो सांगतो. अंश कोण मोजणार? चाक ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर ३० अंश म्हणजे कडेवर १२-१३ सेंटिमीटर, अर्ध्या वितीहून थोडे जास्त. पुढची चाके सरळ ठेवा. स्टेअरिंगच्या कडेला सुतळी बांधा. एका बाजूला हलके फिरवत न्या. रस्त्यावरचे चाक हलायला लागले की थांबा आणि खूण करा. मग उलट बाजूला तसेच करा. दोन खुणांमधले अंतर म्हणजे तुमचा प्ले. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून पाहा. आमचे म्हणणे असे की कायद्याची अर्धी वीत ही शेवटची हद्द आहे. चार बोटांच्या वर गेले की गाडी गॅरेजला न्या.

गॅरेजमध्ये काय होते? मिस्त्री स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळतो, प्ले गेला म्हणतो, पैसे घेतो. यात खरी गोम आहे. बॉक्समधले दाते सर्वांत जास्त झिजतात ते मधल्या जागी, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले मारण्यासाठी स्क्रू आवळला की वळणावर, जिथे दाते झिजलेले नाहीत, तिथे बॉक्स जाम होतो. वळलेले स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. म्हणून बॉक्स सर्वांत शेवटी. आधी एकाने वर बसून स्टेअरिंग डावे-उजवे हलवावे, दुसऱ्याने खाली वाकून पाहावे. बॉक्सचे बोल्ट चेसिसवर हलतात का, ड्रॉप आर्म सैल आहे का, ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट आत डुगडुगतात का. मग पुढचा आस जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे किंग पिनचे बुश आणि चाकाची बेअरिंग कळतील. ज्या जॉइंटचे रबर फाटले तिथे आपली काळी माती आणि धूळ शिरते, आणि ती कानशीसारखी घासते. किंग पिनला ग्रीस देताना आस उचललेला ठेवा, नाहीतर दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण दिल्याशिवाय आपण बाहेरगावी निघत नाही, मग इथेच आळस का? कॅसल नटमधली कॉटर पिन ही आसाची खीळच समजा. तिच्या जागी तार वळू नका. आणि ड्रॉप आर्म किंवा टाय रॉड वेल्डिंग करून कधीही चालवू नका. तुटला तर नवाच घ्या, उधार काढून घ्या.

आता हॉर्न. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्नची तार स्टेअरिंगच्या दांड्यातूनच येते आणि वर पितळी कडीला टेकून चालते. दांड्याचा वरचा बुश झिजला की दांडा डुलतो, कडीचा टेकू सुटतो. मग हॉर्न सरळ रस्त्यावर वाजतो आणि वळणावर, नेमका गरजेला, मुका होतो. अशा वेळी नवा हॉर्न घेऊन उपयोग नाही, बुश बदला.

हॉर्न सगळीकडेच मरगळलेला वाजत असेल तर बॅटरीवरून जाड तार थेट हॉर्नला लावून पाहा. जोरात वाजला तर हॉर्न चांगला आहे, वाटेत दाब गळतो आहे. डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटार कशी कण्हत चालते, तसेच हे. हॉर्नच्या पट्टीखालचा गंज खरवडा, अर्थिंग घट्ट करा, रिलेचे जळके पॉइंट पाहा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा. थेट तारेवरही कण्हत असेल तर हॉर्नमागचा स्क्रू थोडा-थोडा फिरवून पाहा. त्यानेही जमले नाही तर नवा घ्या, पण गाडी १२ व्होल्टची की २४ ची ते विचारून. बँडबाजासारखे वाजणारे हॉर्न मात्र आणू नका. नियम ११९ ला ते चालत नाहीत आणि बैल बुजतात.

जेवणानंतर मागे उभ्या असलेल्या गाड्यांकडे चला. सुतळी आणि खडू आम्ही आणले आहेत. ज्यांच्याकडे गाडी नाही, पण कापूस दुसऱ्याच्या गाडीत जातो, त्यांनी आणि वेचणीला जाणाऱ्या बायांनी पुढे उभे राहावे. माल भरण्यापूर्वी आणि वर चढण्यापूर्वी मालकाला "आधी स्टेअरिंग दाखव" म्हणायचे तर किती प्ले जास्त, ते आपल्याला स्वतःच्या बोटांनी मोजता आले पाहिजे.