अर्ज म्हणजे हात पसरणं नव्हे
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'फौजेतले अनुभव' सांगायला उभं केलंय. बर्फाच्या आणि गोळीबाराच्या गोष्टी रात्री जेवणं झाल्यावर सांगेन. आत्ता मला एका कागदाची गोष्ट सांगायची आहे. आपल्या बॅचचे आम्ही पाच जण फौजेत होतो, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं, पुतणे, भाचे आज तिथे आहेत. हा कागद एक दिवस त्यांच्याही हातात येणार आहे.

सकाळपासून काही जण माझ्यावर रागावले असतील. हाक मारली आणि मी ओ दिली नाही. मित्रांनो, तो शिष्टपणा नव्हता. मला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्या कानानं थोडं येतं. याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून पहिल्या बाकावरची कुजबुज ऐकणारा मी, हे तुम्हाला आठवत असेल.

१९८८ साली मी भरती झालो. भरतीच्या वेळी डॉक्टर आपल्याला पाठमोरं उभं करतात, सहा मीटरवरून कुजबुजतात आणि तो शब्द परत म्हणायला सांगतात. मी बिनचूक म्हटला होता. पुढे पायदळात ८१ मिलिमीटर मॉर्टरच्या प्लाटूनमध्ये गेलो. बॉम्ब नळीत सोडायचा आणि झटकन मान खाली घालायची. कानावर हात जाईपर्यंत बार उडालेला असतो. कानात कापसाचा बोळा असायचा, तेवढंच. रेंजवरून आल्यावर रात्री कानात रातकिडे किरकिरायचे, सकाळी थांबायचे. पुढे पुढे सकाळीही थांबेनात.

२०१२ मध्ये २४ वर्षं पूर्ण करून हवालदार म्हणून घरी आलो. निवृत्तीआधी मेडिकल बोर्ड झालं. त्यात लिहिलं होतं, बहिरेपण २० टक्के, आयुष्यभराचं. पण 'हे सेवेमुळे झालं का?' या रकान्यात 'नाही' होतं. सही कुठे करायची ते दाखवलं, मी केली. वाचलंच नाही. गाडीचं रिझर्व्हेशन झालेलं होतं आणि मन कधीच गावाला पोचलं होतं. काही महिन्यांनी पत्र आलं. अपंगत्वाची पेन्शन मंजूर नाही, अपील करायचं असल्यास सहा महिन्यांत करावं. मी ते पत्र ट्रंकेत ठेवलं आणि वर कुलूप लावलं.

का ठेवलं, ते आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगतो. मला लाज वाटली. पलटणीत जो सारखा आजारी म्हणून रिपोर्ट करतो त्याला कामचुकार म्हणतात. आणि माझ्या ओळखीत एक असा होता, ज्याचा पाय गेला होता. मला वाटायचं, पेन्शन त्याची आहे. माझे दोन हात, दोन पाय शाबूत. मी कुठल्या तोंडानं मागू?

मग २०१६ साल आलं. मी एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचं काम करत होतो. मागून ट्रक रिव्हर्स येत होता. हॉर्न वाजत होता म्हणे. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक मारला म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले. त्यांचं काय चुकलं? त्या रात्री मंडळींनी ट्रंक उघडली, पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "कान तुम्ही घरी घालवले का?" मला उत्तर देता आलं नाही.

मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथे नियम समजून घेतला. तो असा. अपंगत्व सैन्यसेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं, आणि ते किमान २० टक्के हवं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते, कमी असेल तर त्या प्रमाणात. पगार ३०,००० धरला तर १०० टक्क्यांना ९,००० आणि २० टक्क्यांना १,८०० रुपये. पण ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० टक्के धरण्याची तरतूद आहे. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार खटल्यात २०१४ साली स्पष्ट केलं. म्हणजे १,८०० चे ४,५०० होतात. सामान्य पेन्शनच्या वर.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट भरती झाला असं मानायचं. आजार सेवेमुळे नाही असं म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यायची, आणि संशयाचा फायदा जवानाला. माझ्या कागदावर कारण नव्हतं. नुसतं 'नाही' होतं.

मी अपील लिहायला बसलो. पहिला मसुदा आपल्या एका वर्गमित्राला दाखवला. तो तहसील कचेरीत होता. नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय, लाजेल. मी लिहिलं होतं, 'गरीब माजी सैनिकावर दया करावी.' त्यानं त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि म्हणाला, "बाईंनी याच ओळीला मार्क कापले असते."

बाई, तुम्ही समोर आहात. नववीत अर्जलेखन शिकवताना तुम्ही सांगायचात की विषय लिहा, संदर्भ लिहा, मुद्दे क्रमानं मांडा आणि काय हवं ते शेवटी एका वाक्यात मागा. विनंती करा, गयावया करू नका. तेव्हा ते पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळला.

अर्ज पुन्हा लिहिला. भरतीच्या वेळची तपासणी, मॉर्टर प्लाटूनमधली वर्षं, लष्करी दवाखान्यातल्या कानाच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनुसार. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. २०१८ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे गेलो. पुढच्या वर्षी निकाल माझ्या बाजूनं लागला. थकबाकी मात्र दाव्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळाली, कारण उशिरा आलेल्यांना साधारण तेवढीच मिळते. २०१२ ते २०१५ चे पैसे गेले. ते कुणी खाल्ले नाहीत. माझ्या लाजेनं खाल्ले.

म्हणून ज्यांची मुलं फौजेत आहेत त्यांना सांगतो. दुखापत झाली, आजार झाला की नोंद करून घ्यायची. 'जाऊ दे, बरं होईल' म्हणून कागद सोडायचा नाही. दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी जपायची. शेवटच्या मेडिकल बोर्डाचा कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि त्याची प्रत मागून घ्यायची. नकाराचं पत्र आलं तर अपिलाची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहायची. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू झालेत, तेव्हा माझा अनुभव जसाच्या तसा धरू नका. आधी सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

पैसा आला, त्यातून कानाचं यंत्र घेतलं. पण यंत्रापेक्षा मोठं काम त्या निकालाच्या एका ओळीनं केलं. माझे कान सेवेत गेले, असं त्यात लिहिलं आहे. एवढंच कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

आमच्या पाचांपैकी एक जण आजही म्हणतो, "जाऊ दे रे, भागतंय." त्याचा गुडघा डोंगरातल्या पोस्टवर गेला, जिना चढताना त्याला मी सकाळी पाहिलं. मित्रा, आज रात्री मी शाळेच्या ओट्यावर बसतो. तुझे कागद घेऊन ये, मसुदा आपण मिळून लिहू. बाईंकडून तपासून घेऊ. फक्त माझ्या उजव्या बाजूला बस.

जय हिंद.