सीमेवरील तणाव आणि आपला शिक्षणनिधी

(रांजणगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



महागणपतीच्या या क्षेत्री आज आपण जमलो आहोत. शिक्षणनिधीची ठेव मोडून कारेगावकडे भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. कारखाने आहेत तोवर भाड्याला मरण नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर मत देण्यापूर्वी आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एक हकीकत सांगू इच्छितो.

मावळातील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचे ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये ठरविले. त्याच वर्षी एप्रिलात केंद्र सरकारने नियम बदलला. ज्या देशांची भूसीमा भारतास लागून आहे, तेथील भांडवलास कोणत्याही धंद्यात सरकारी परवानगीवाचून प्रवेश राहिला नाही. १५ जून रोजी या कंपनीचा महाराष्ट्र शासनाशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला, आणि त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. करार स्थगित झाला, परवानगी आलीच नाही, आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. पुढल्या वर्षी ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. कोठे लडाख आणि कोठे मावळ! परंतु मधल्या काळात त्या कारखान्याच्या भरवशावर कोणी कर्ज काढले असेल, तर बँकेचे हप्ते काही गलवानसाठी थांबले नसतील.

रांजणगावी निराळे घडले. येथील हायरचा फ्रिजचा कारखानाही चिनी कंपनीचाच. पण त्याचे भांडवल आधीच येथे रुजले होते, म्हणून तो चालू राहिला. वाट बिकट झाली ती नव्या भांडवलाची. डिसेंबर २०२५ मध्ये भारती एंटरप्रायझेस आणि वॉरबर्ग पिंकस यांनी हायरच्या भारतीय कंपनीतील ४९ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. दुसरीकडे, इलेक्ट्रॉनिक्सचा माल चीनवर विसंबून न राहता देशातच व्हावा, या धोरणातून ऑक्टोबर २०२२ मध्ये येथे सुमारे ४९३ कोटींचा उत्पादन समूह मंजूर झाला. म्हणजे ज्या तणावाने तळेगावचे दार लावले, त्यानेच रांजणगावचे एक दार उघडले. कोणते दार केव्हा लागेल, हे दिल्लीत बसलेल्यांनाही आधी कळत नाही. मग आपणांस कसे कळावे?

ज्याची स्वतःची जमीन आहे, त्याने खोल्या जरूर बांधाव्यात. आमच्याही घरच्या चार आहेत, आणि त्यांतील दोन गेल्या पावसाळ्यात रिकाम्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. निधीची गोष्ट वेगळी. मुलामुलींचे शुल्क जूनमध्येच भरावे लागते. भाडेकरू मिळेपर्यंत महाविद्यालय थांबत नाही. तेव्हा मुद्दल बँकेतच असावी. फार तर शुल्के भागवून जे व्याज उरेल, त्यापुरताच बांधकामाचा विचार व्हावा, असे आमचे मत आहे.

सूचना दुपारच्या सर्वसाधारण सभेत मतास येईल. निधीचा ताळेबंद कार्यवाहांपाशी ठेवला आहे. जेवणापूर्वी प्रत्येक कुटुंबातील एकाने तरी तो पाहावा, ही विनंती.